आतून कडी

भीमाबाईंनी मुलाकडे उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे मोरीला दार. तेही नुसतं नको, आतून कडी लागणारं हवं.

शेणवे गावातल्या त्या घरात पन्नास वर्षं मोरी म्हणजे मागच्या पडवीला लागून चार बांबू, कारवीचा कुड आणि तोंडाशी टांगलेलं जुनं लुगडं. लुगड्याला कडी कुठून येणार? म्हणून आंघोळीला बसलेल्या बाईने सारखा आवाज करत राहायचं, ही घरची रीत. खाकरायचं, तांब्या वाजवायचा, चाहूल लागली की "मी हाय!" म्हणून ओरडायचं. सून म्हणून आल्यावर शिकलेलं हे भीमाबाई सत्तरीतही इमानेइतबारे करत होत्या. त्यामुळे त्या आंघोळीला बसल्याचं रोज सकाळी अख्ख्या आळीला कळायचं. याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होण्याइतकी लाज वाटे, पण कुणाला सांगण्याची सोय नव्हती. एका सकाळी वाऱ्याने लुगडं उडालं आणि नेमका समोरून पोस्टमन आला. बिचारा मान वळवून निघून गेला. भीमाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी नरेंद्रला म्हणाल्या, "नरू, मरायच्या आदी कडी लावून आंघोळ करू दे रे मला."

नरेंद्र मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. वायसरसुद्धा मोजून देणारा माणूस. आईचं बोलणं त्याला लागलं आणि त्याने आलेखाच्या कागदावर मोरीचा नकाशा काढला. पैसा बेताचा, तेव्हा कात्री लावायला सुरुवात झाली. मोरी साडेतीन फूट बाय चार. टाइल्स कंबरेएवढ्याच, त्याही शहापूरच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या, तीन रंगांच्या. हवेला नऊ इंची जाळी. आईला पाणी वाहावं लागू नये म्हणून नळ, नळाला वर टाकी हवी, म्हणून छप्पर मात्र स्लॅबचं. दार कल्याणला पाडलेल्या एका चाळीतलं, जाडजूड सागवानी, चौकटीसकट मिळालं. ते आणलं तेव्हा नरेंद्र लढाई जिंकल्यासारखा टेम्पोतून उतरला.

गवंडी देवजी चौकट बसवताना थांबला. "नरेंद्रभाऊ, दार भायेर उघडू द्या. एवढ्याश्या जागंत मानूस आडवा झाला, तर उघडाचा कसा?"

बाहेर उघडायचं तर दार पडवीतल्या भाताच्या कणगीवर आदळत होतं. कणगी हलवायची तर नवी जागा चोपून घ्यायला हवी, म्हणजे आणखी दोन दिवसांची मजुरी. आणि नकाशात दार आत उघडत होतं, ते वेगळंच.

"मोरीत आंघोळ करतात, देवजी, झोपत नाय कुणी," नरेंद्र म्हणाला. त्याची बायको मेघा हसली. देवजीही हसला आणि त्याने चौकट सांगितली तशी बसवली.

पौषातली म्हशाची जत्रा उलटली त्या आठवड्यात भीमाबाईंनी पहिल्यांदा कडी लावली. आतून आवाज येईना, तशी मेघा घाबरून हाका मारू लागली. भीमाबाई आतूनच फिसकारल्या, "आता कशाला वरडू गो? दार हाय ना! हाका नका मारू मला." बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा फुललेला, की नरेंद्रला स्वतःचाच अभिमान वाटला. त्यानंतर मोरीतून कधी खाकरल्याचाही आवाज आला नाही. घरातल्यांनाही त्या शांततेची सवय झाली. ती सवयच नडली.

मार्चातला रविवार होता. मेघा तांदूळ निवडत होती, नरेंद्र दाढी करत होता. नळ चालू असल्याचं दोघांनाही ऐकू येत होतं. तासाभराने टाकी रिकामी होऊन नळ खरखरला, तेव्हा नरेंद्र पाण्याच्या नासाडीवरून चिडून उठला. "आये, नळ बंद कर ना!" नळ तसाच खरखरत राहिला. त्याने दार ढकललं. जुनी कडी लाकडातून उचकटली. दार चार बोटं उघडलं आणि कशाला तरी टेकून थांबलं.

"ढकलू नको रे," आतून आवाज आला. "कंबर हाय माजी."

"कधी पडलीस? हाक का नाय मारलीस?"

"अंगावर कापड नाय," भीमाबाई म्हणाल्या.

नरेंद्रच्या हाकेसरशी माणसं जमली. कुणी कुऱ्हाड आणली, पण म्हातारी दारालाच चिकटलेली. वर स्लॅब, जाळीतून मांजर जाईना, बिजागऱ्या आतल्या बाजूला. नरेंद्रने स्वतः मोजून मापून केलेली मोरी, तिच्यात कुठेही चूक नव्हती. आता ढकलण्याशिवाय उपाय नव्हता.

"आदी लुगडं दे. मग ढकल," भीमाबाई म्हणाल्या.

त्याने त्या फटीतून लुगडं आत सारलं, वीतवीत. त्यांचा हात पोचत नव्हता. काठीने ढोसून ढोसून त्याने ते पोचवलं. त्यात पाव तास गेला.

"मान्सं हायेत का रे भायेर?"

पडवीत तेव्हा दहा-बारा माणसं उभी होती. "कुनी नाय, आये," नरेंद्र म्हणाला. मेघाने हात जोडून सगळ्यांना अंगणात घालवलं. मग त्याने दाराला खांदा लावला. आतून आलेली किंकाळी अंगणातल्यांनीही ऐकली.

इस्पितळात खुबा मोडल्याचं सांगितलं. पडल्याने मोडला की ढकलल्याने, हे डॉक्टरांना विचारायचं नरेंद्रच्या रोज ओठांवर यायचं. विचारलं नाही. धीर झाला नाही, दुसरं काय!

जनरल वॉर्डात तीस खाटा आणि पडदा एकही नाही. मेघा ओल्या फडक्याने सासूचं अंग पुसायची, तेव्हा नरेंद्र पाठमोरा उभा राहून दोन्ही हातांनी चादर पसरून धरायचा. पहिल्याच दिवशी चादरीमागून खाकरल्याचा आवाज आला. मग बारीकसं "मी हाय." कडी गेली तशी जुनी रीत आपोआप परतली होती. त्यावरच नरेंद्रचा दिवस निघायचा.

एकोणिसाव्या दिवशी त्याने चादर धरली. फडकं पाण्यात बुडाल्याचं ऐकू आलं, पिळल्याचं ऐकू आलं. बाकी काही नाही.

"आये?" तो म्हणाला. मेघाने फडकं खाली ठेवलं.

त्याला कळलं. तरी तो वळला नाही. मेघाने त्यांना लुगडं नीट नेसवून होईपर्यंत तो तसाच पाठमोरा, चादर ताणून धरून उभा राहिला.