वळणावरची कण्हेर

मी एक जुनी कण्हेर आहे, मित्रांनो. मोठ्या रस्त्याच्या वळणावर, आतल्या बाजूला माझा सगळा जन्म गेला. गुरं मला तोंड लावत नाहीत, म्हणून माझी निवड झाली.

रस्त्याचा आराखडा करणाऱ्या बाईंनी वळणाच्या बाहेरच्या बाजूला उंच झाडं लावली. ती लांबून दिसली की ड्रायव्हरला वळण कळतं आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. आतल्या बाजूला मात्र नजर मोकळी पलीकडे जायला हवी. म्हणून त्यांनी माळ्याला बजावलं, हिला कमरेच्या वर जाऊ देऊ नका.

माळी शब्दाला जागला. "काय गं, पुन्हा डोकं वर काढलंस?" म्हणत तो कात्री चालवायचा. दुखायचं मला. पण माझ्या मागेच त्याचं घर होतं. दुपारी त्याची बायको डबा घेऊन रस्ता ओलांडायची आणि पलीकडच्या सावलीत दोघं जेवायची. तिला गाड्या दिसायच्या, गाड्यांना ती दिसायची. मला तेवढं पुरे होतं.

मग सुंदर रस्त्यांची स्पर्धा निघाली. माझी फुलं नव्या फांद्यांच्या टोकाला येतात, त्यामुळे परीक्षक येईपर्यंत कात्री बंद ठेवा असं रस्ते खात्याच्या साहेबांनी सांगितलं. परीक्षक यायचे लांबले. मी गुलाबी फुलांनी लगडले, लोक थांबून फोटो काढू लागले. पहिलं बक्षीस मिळालं. कात्री पुन्हा सुरू करा, असं मात्र कुणीच म्हणालं नाही, आणि एवढी फुलं कापायचं माळ्याच्याही जिवावर आलं.

एका दुपारी त्याची बायको माझ्याआडून रस्त्यावर आली. टेम्पोवाल्याला ती दिसली नाही. तिला टेम्पो दिसला नाही.

टेम्पोवाला बेफाम होता, असं लोक म्हणाले. काही दिवसांनी माळी कात्री घेऊन आला आणि मला वेड्यासारखा कापत सुटला. साहेबांनी त्याचा हात धरला.

"अरे, यंदाही परीक्षक येणार आहेत," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

त्याची बदली दुसऱ्या रस्त्यावर झाली. नवा माळी मला फक्त पाणी घालतो. मी आता माणसापेक्षा उंच झाले आहे. नको वाटतं, पण पाणी मिळालं की झाडाला वाढावंच लागतं.

जुन्या माळ्याचं घर अजून माझ्या मागेच आहे. त्याची मुलगी शाळेला जाताना इथूनच रस्ता ओलांडते. तिला दुसरी वाट नाही. ती माझ्याआडून मान काढून बघते, काही दिसत नाही, मग जीव मुठीत धरून पळते. मित्रांनो, माझं कौतुक करू नका. कात्री आणा आणि मला कापा.