गुरप्पांची परीक्षा

मणक्याच्या दुखण्यात रत्नम्माचे पाय गेले, तेव्हापासून गुरप्पांनी बायकोला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आणि ही गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत राहील, याचीही त्यांनी चोख काळजी घेतली होती. त्यामुळे फिजिओथेरपी शिकणारी अक्षता घरी येऊन म्हणाली, "चालता येत नाही अशा माणसांचं आयुष्य कितपत सुखाचं आहे, ते आम्ही मोजतोय, शंभरपैकी मार्क असतात," तेव्हा गुरप्पा खुर्ची ओढून थेट पुढ्यात बसले. पहिला नंबर आपल्या घरचाच, यात त्यांना शंका नव्हती.

"काकू, सकाळी कधी उठायचं ते कोण ठरवतं?"

"मीच की! साडेसहा म्हंजे साडेसहा," गुरप्पा मध्येच म्हणाले.

"काका, काकूंना बोलू द्या. साडी कुठली नेसायची?"

"तेबी हेच," रत्नम्मा हसून म्हणाली.

"आणि बाहेर जायचं झालं तर?"

"उचलून गाडीवर बसवतो," गुरप्पांना राहवेना. "चाकाची खुर्ची आणलीय, पण हिचे हात दुखतील म्हणून माळ्यावर टाकलीय. प्लॅस्टिकसुदा काढलं न्हाय!"

"मनात येईल तेव्हा, एकट्या कुठं जाता, काकू?"

रत्नम्मानं दाराबाहेर पाहिलं. "कुटंच न्हाय गं. समोर काशम्माकडं बायका शेंगाचटणी कुटायला जमतात. उखळाचा आवाज तेवढा हितं येतो."

मार्क पडले अठ्ठावीस.

"अठ्ठावीस? पेपर परत तपासा!" गुरप्पा कडाडले.

"पेपर काकूंचा आहे, काका," म्हणून अक्षता निघून गेली.

एवढं राबून नापास! गुरप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काशम्माकडं जायचं हुतं तर बोलायचं की. मी नेलं नसतं व्हय?"

"नेलं असतं. आन् दारात बसून ऱ्हायला असता. मग बायकांनी बोलायचं काय?"

खरं सांगायचं तर गुरप्पांना ते फार लागलं. ते उठून माळ्यावर चढले. खुर्ची उतरवली, प्लॅस्टिक टराटरा फाडलं, उंबऱ्यावर फळी टाकली आणि रत्नम्माला उचलून खुर्चीत बसवलं.

"मी ढकलतो."

"नको," म्हणत रत्नम्मानं स्वतःच चाकं फिरवत खुर्ची गल्लीत काढली.

गटाराच्या झाकणापाशी चाक अडकलं. गुरप्पा धावले, तर रत्नम्मानं न बघताच हात वर करून त्यांना थांबवलं. घामाघूम होत, चाक पुढं-मागं करत तिनं ते सोडवलं आणि ती काशम्माच्या दारातून आत शिरली.

उखळाचा आवाज थांबला. आधी एकच कालवा झाला, मग हशा. "साडेसहा म्हंजे साडेसहा!" रत्नम्मा नवऱ्याची हुबेहूब नक्कल करत होती. इकडं आपल्या उंबऱ्यावर बसलेल्या गुरप्पांचे कान तापले. पण मग त्या हशातून तिचं हसणं त्यांना वेगळं ऐकू आलं. खळखळून, दम लागेपर्यंतचं. दुखणं आल्यापासून घरात ते कधी उमटलंच नव्हतं, आणि आपल्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

दुपार कलली तशी त्यांनी उंबऱ्यावरूनच हाक मारली, "रत्ना, चहा टाकू का?"

"तुमच्यापुरता टाका!" काशम्माच्या घरातून उत्तर आलं.

गुरप्पा हसत आत गेले आणि त्यांनी एकच कप चहा टाकला.