आतून बुजलेलं बीळ

भूत उतरवणाऱ्या बाबांनी बिळावर टाकलेली चादर उचलली आणि अंगणातली गर्दी एक पाऊल मागे सरकली. काल सगळ्यांदेखत उघडलेलं जमिनीचं तोंड आज आतून बंद होतं. शेजारी चंद्रकोरीसारखा मातीचा नवा ढीग. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, हा उपाशी आत्मा. तुमच्या वाफ्यातली गाजरं ओढून नेतो आणि दार लावून घेतो. आत्मा गाजरं कच्चीच खात होता म्हणून बरं, शिजवून मागितली असती तर बाबांची पंचाईत होती. त्याला घरात कोणी आणलं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नव्या धाकट्या सुनेकडे बोट दाखवलं. तिला उद्याच माहेरी पोचवायचं ठरलं.

थोरली सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिला सगळं कळत होतं. पण सासूबाईंनी हात जोडले, तसे तिनेही जोडले.

त्या दिवशी वर्गात धडा नेमका जमिनीखालच्या प्राण्यांचा निघाला. तिने मुलांना सांगितलं, मोल नावाचा प्राणी किडे-गांडुळं खातो, गाजराच्या वाटेला जात नाही. त्याचे पंजे फावड्यासारखे, डोळे मिचमिचे, ढीग गोल. गोफर नावाचा प्राणी मात्र उंदरासारखा कुरतडणारा. लांब पिवळे दात, गालांना पिशव्या. मुळं तोडून त्यांत भरतो. त्याचा ढीग चंद्रकोरीसारखा, आणि बीळ कोणी उघडलं की तो आतून माती लोटून बुजवतो.

सकाळी अंगणातल्या गर्दीत असलेली, पुढच्या बाकावरची मुलगी उठली. "बाई, मग तुमच्या अंगणात गोफरच आहे ना? घरी सांगितलंत का?"



शाळा सुटल्यावर थोरली सगळा वर्ग घेऊनच घरी आली. शेजारपाजार जमला. बघेल तो आंधळा होईल, असं बाबा बजावत होते, तरी तिने बीळ उकरलं. मुलं पालथी पडून बघत राहिली. बऱ्याच वेळाने माती हलली, फुगलेल्या गालांचं एक डोकं वर आलं आणि छातीने माती लोटू लागलं. आत्म्याने रूप बदललं, असं बाबा पुटपुटले; पण कोणीतरी हसलं, आणि ते फाटकाकडे सरकले.

"डोळ्यांनी बघा, प्रश्न विचारा," ती सगळ्यांना म्हणाली. "आणि कळलं तर गप्प बसू नका. मी बसले होते."

आतल्या खोलीत धाकटी कपड्यांचं गाठोडं बांधत होती. बाहेर काय झालं ते तिने खिडकीतून पाहिलं होतं.

"ताई, सकाळी हात जोडलेत, तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

धाकटी गाठ सोडू लागली. थोरली मदतीला वाकली, तशी तिने गाठोडं आपल्याकडे ओढून घेतलं.