सह्याद्रीखालचा दगड पणदऱ्याच्या विहिरीत

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, आणि जुना म्हणजे केवढा ते ऐकूनच घ्या. तुमच्या पायाखालचा काळा कातळ लाव्हारसाचा. तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. माझ्या लेखी तो कालचा पोरगा! माझे वय अडीचशे कोटींच्या पुढे. अंगावर करड्या-गुलाबी पट्ट्या आहेत आणि त्यांचा मला गर्व आहे, लपवत नाही.

सह्याद्रीच्या दाट जंगलाखाली, काळ्या कातळाच्या थरांच्याही खाली, अख्खा डोंगर पाठीवर घेऊन मी पडून होतो. जमिनीच्या पोटात काय आहे हे पाहायला शास्त्रज्ञांनी तिथे खोल भोक पाडले आणि यंत्राने लांबट गोल तुकडा कापून मला वर काढले. चांगले तुकडे पेट्यांत गेले. माझे टोक तुटले होते, म्हणून मी बाजूला पडलो. त्या यंत्रावर जळोचीचा तौसिफ कामाला होता. साहेबांना विचारून त्याने मला उचलले आणि पणदऱ्याला आपल्या मित्राच्या, ज्ञानेशच्या घरी आणून दिले. ज्ञानेशच्या आईने, बनाबाईंनी, माझा वरवंटा केला. एवढा वयोवृद्ध मी, आणि लसूण-मिरची वाटू लागलो. आधी फार राग आला. पण चटणीची तारीफ झाली की माझेही नाव निघायचे, मग राग गेला.

यंदा ज्ञानेशचे बोअर आटले. रानात ऊस उभा, गोठ्यात गाई. त्याने ठरवले की गाळाने भरलेली जुनी विहीर बुजवायची आणि तिथेच दुप्पट खोल बोअर घ्यायचे. आमच्याकडे बहुतेकांची हीच समजूत, पाणी लागले नाही तर आणखी खाली जा. मला ओरडून सांगावेसे वाटले की अरे, खालून मीच आलोय. पण दगडाला तोंड कुठले?

विहिरीत टाकायला मुरमाचा ट्रॅक्टर आला, तेव्हा बनाबाई मला पदरात घेऊन कठड्यावर जाऊन बसल्या आणि उठेनात. तौसिफ आता बोअरच्या गाडीवर असतो. तोही जागा पाहायला आला होता. त्यांनी त्यालाच विचारले, "खरं सांग, ह्यो जितनं आला तितं पाणी हुतं का?"

बोअर झाले असते तर काम त्याचेच होते. तरी तो म्हणाला, "न्हाय मावशी. ह्यो आतनं कोरडाच हाय."

बनाबाईंनी कळशीतले पाणी माझ्यावर ओतले. ते घरंगळून गेले. मग त्यांनी ट्रॅक्टरमधल्या मुरमावर ओतले, आणि मुरमाने ते पिऊन टाकले.

"पाणी ह्या मुरमात ऱ्हातं," त्या लेकाला म्हणाल्या. "खालच्या दगडात न्हाय. हिरीच्या अंगाला मुरूमच हाय. गाळ काढ."

ज्ञानेशने ट्रॅक्टर माघारी पाठवला, पण फुगूनच. गाळ निघाला आणि मुरमाच्या थरातून झरे मोकळे झाले. बनाबाईंनी मला विहिरीच्या भिंतीत, बऱ्याच खाली, सिमेंटने बसवून घेतले. दगड उघडा पडला की मोटार बंद, असे त्यांनी घरात बजावून ठेवले. पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर पाणी आले, आणि काय सांगू, मला फार बरे वाटले.

मे महिन्यात एका दुपारी मी उघडा पडलो. मोटार चालूच होती. उसाच्या शेवटच्या सऱ्या अजून कोरड्या होत्या. ज्ञानेश काठावर येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. माझा जीव टांगणीला लागला होता. मग तो वळून गेला आणि मोटारीचा आवाज थांबला. सकाळपर्यंत झऱ्यांनी मला पुन्हा झाकून टाकले.

मित्रांनो, डोंगर पाठीवर होता तेव्हा मी वाकलो नाही, आता इथूनही हलणार नाही. तुम्ही आपल्या विहिरीत अधूनमधून डोकावत जा. माझ्यासारखा एखादा उघडा दिसला, तर मोटार तुम्हालाच बंद करावी लागेल.