आमच्या रस्त्याचा भाव

काखेत फाईल धरलेला एक सरकारी माणूस समोरच्या इस्त्रीवाल्याकडे शिरला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शिलाई मशीनवरून मला अख्खा रस्ता दिसतो. अर्ध्या तासाने तो बाहेर आला आणि इस्त्रीवाला मागून हात जोडतोय. सरकारी माणसाला हात जोडायची वेळ आली म्हणजे काहीतरी देऊन बसला असणार, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

मी उठले, आमच्या ह्यांच्या उशाजवळचा दम्याचा पंप उचलला आणि बटणांच्या डब्यात टाकला. ह्यांनी तीस वर्षं गॅरेजात गाड्यांना रंग मारला, तो सगळा छातीत जाऊन बसलाय. रस्त्यावरून एखादा ट्रक गेला तरी पाच-दहा मिनिटं खोकतात.

"कोणी फाईल घेऊन येतंय," मी म्हटलं. "तो जाईपर्यंत खोकू नका."

"खोकला काय मला विचारून येतो?"

"मग तोंडावर टॉवेल धरा. आणि मध्ये बोलू नका, मी बघते काय ते."

फायलवाल्याने चपला बाहेर काढल्या, पाणी सावकाश प्याला, वर भांडं कुठे ठेवू म्हणून विचारलं. इतका नम्र माणूस मला चालत नाही. म्हणाला, "विकायला काही आणलेलं नाही, बाई. नुसती माहिती हवी."

नुसती माहिती. मागे एकजण घरात मशिनं किती याची अशीच नुसती माहिती घेऊन गेला, आणि दोन महिन्यांत आमच्या विजेला धंद्याचा दर लागला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

त्याने समजावून सांगितलं, ते मान्य करते. गोदामांपासून हायवेपर्यंत ट्रकसाठी एक रस्ता पक्का करायचा होता, एक तर आमचा, नाही तर मागचा. आजवर रस्ता ठरवताना फक्त डांबर आणि डिझेलचा खर्च धरायचे. आता धुराने आणि आवाजाने लोकांचं जे नुकसान होतं, त्याचीही पैशात किंमत करून ती खर्चात मिळवायची. ज्या रस्त्याचा खर्च कमी, तिकडून ट्रक.

"हवेला भाव?" मी म्हटलं. "उद्या श्वास मोजून बिल पाठवाल."

तो हसला. त्या हसण्यावर माझा आणखीच विश्वास उडाला.

"धूर-आवाज बंद व्हावा म्हणून तुम्ही महिन्याला किती द्यायला तयार व्हाल? अंदाजे सांगा."

आलं की नाही पोटातलं ओठावर? किती द्याल! पाचशे म्हणावं आणि पुढच्या महिन्यात पाचशेची पावती हातात. मी म्हटलं, "शून्य. आम्हाला काही त्रासच नाही."

तेवढ्यात एक ट्रक गेला. खिडकी थरथरली, टेबलावरची कात्री चार बोटं सरकली. त्याने कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कात्री उचलून मांडीवर ठेवली.

"बरं, त्रास सोसायचाच झाला तर किती भरपाई घ्याल?"

"आम्ही काय भिकेला लागलोय? शून्य."

"घरात कोणी आजारी? श्वासाचा वगैरे त्रास? नीट आठवून सांगा."

माझ्या नणंदेने असंच एकदा खरं सांगितलं आणि तिच्या नवऱ्याच्या विम्याचा हप्ता दुप्पट झाला. मी आत नजर टाकली. हे टॉवेलात तोंड खुपसून बसले होते, चेहरा वांग्यासारखा झालेला, डोळ्यांतून पाणी. मान हलवून मला काहीतरी सांगत होते. मी दार ओढून घेतलं.

"सगळे ठणठणीत," मी म्हटलं आणि सही केली. सही करताना आणखी एक ट्रक गेला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पंप बाहेर काढला नाही. श्वास जरा सुरळीत झाल्यावर हे एवढंच म्हणाले, "अगं, त्याला खरं सांगायला हवं होतं."

"तुम्ही भोळे सांब," मी म्हटलं. संध्याकाळी मी अख्ख्या रस्त्यावर फिरले. घड्याळवाले, पिठाच्या गिरणीवाली, इस्त्रीवाल्याची सून, सगळ्यांना बजावलं की शून्य सांगा. इस्त्रीवाल्याने दोनशे सांगितले होते, त्याला दुसऱ्या दिवशी फायलवाल्याच्या कचेरीत पाठवून खोडायला लावले. मागच्या रस्त्यावरच्या मास्तरीणबाईंनी महिन्याला हजार सांगितले असं कळलं, तेव्हा मी पोट धरून हसले. म्हटलं, भरा आता.

चार महिन्यांत ट्रक सुरू झाले. आमच्या रस्त्यावरून, दर दोन मिनिटाला एक. महिनाभर पुरायचा तो पंप आठवड्यात संपायला लागला. ह्यांना झोपून श्वास घेता येत नाही, म्हणून हे भिंतीला टेकून बसून झोपतात.

मी ह्यांना हाताला धरून त्या कचेरीत नेलं. म्हटलं, कागदात नक्की खाडाखोड केलीय कोणीतरी. फायलवाल्याने मला ओळखलं, ह्यांना खुर्ची दिली आणि फाईल काढली. मागच्या रस्त्याचं नुकसान महिन्याला काही लाख निघालं होतं. आमच्या रस्त्यापुढे शून्य. खाली आमच्या घराचा कागद होता, आजारी व्यक्ती नाही, आणि माझी सही. शेवटचं अक्षर ट्रकच्या हादऱ्याने खाली घसरलेलं. त्यावर खाडाखोड कुठेच नव्हती.

"आता लिहा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ह्यांना दमा आहे. किती वर्षांपासून आहे. लिहा ना."

"बाई, मी तेव्हा नीट आठवून सांगा म्हटलं होतं." तो रागावला नव्हता, तेच मला सोसेना. "आता पुन्हा मोजणी तीन वर्षांनी."

तीन वर्षं. मी ह्यांच्याकडे वळले. हे खुर्चीत ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले, मुठीत रुमाल, चेहऱ्यावर तोच त्या दिवशीचा रंग चढत चाललेला. मला वाटलं आता चार माणसांत माझा उद्धार करणार, आणि करायलाच हवा होता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आता खोकू का?"