परक्या उंबऱ्यावरचा सडा

मित्रांनो, तांब्या जुना झाला की त्याचा आवाज जातो. नवा तांब्या फरशीवर ठेवला तर खणकन वाजतो. मला ठेवलं तर मी नुसता बसतो, लांबून चालत आलेल्या माणसासारखा. माझ्या पोटाला पोचे आहेत, काठ एका अंगाला वाकला आहे. औंढा नागनाथाच्या अलीकडे माळावर एक तांडा आहे, तिथल्या जिवनबाईचा मी पितळी तांब्या. वय विचारू नका, मलाही सांगता यायचं नाही.

कळमनुरीच्या एका तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. सपाट पत्र्याला पोट यायला किती ठोके खावे लागतात, ते ज्याला पडतात त्यालाच कळतं. जिवनबाईचे वडील नेमसिंग यांनी मला बाजारातून उचललं, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी लेकीचं नाव कोरून घेतलं आणि लग्नात तिच्या ओटीत दिलं. पुढची कितीतरी वर्षं त्या घरी आलेल्या माणसाला पहिलं पाणी माझ्यातूनच मिळालं. लोक घोट घेऊन म्हणायचे, जिवनबाईच्या घरचं पाणी गोड आहे. पाणी आडाचंच होतं, पण ते ऐकून मीही फुगायचो.

मग स्टीलचे पेले आले. मला न्हाणीच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या मगाशेजारी जागा मिळाली. तो मग हलका, रंगीत, कुणाच्याही हाताला सोपा. मी जड. मला फक्त जिवनबाईच हात लावायची, पहाटे, सड्यापुरता. बादलीत शेण कालवायचं, मला बुडवायचं आणि अंगणभर शिंपायचं. एवढंच काम उरलं होतं.

त्या कामाला मान आला तो एका दुखण्यामुळे. जिवनबाईचा नवरा खेमा ज्वारी राखायच्या माळ्यावरून पडला. पाठीला असा मार बसला, की पायात जीव राहिला नाही. सगळा पावसाळा तो खाटेवर होता. एका सोमवारी जिवनबाई नागनाथाच्या दारात जाऊन बोलली, 'देवा, याला चालू दे. हिमालयातल्या महादेवाच्या पायाशी डोकं टेकवीन. तोवर ज्या घरी निजेन, त्या घरचा सडा चुकवणार न्हाई.' खेमा हळूहळू उठला, काठी धरून चालू लागला. तेव्हापासून जिवनबाई आजारी असो, पाहुणी असो, लग्नघरी असो, पहाटे तिथला उंबरा तिच्या हातचा. कुठेही जाताना पिशवीत आधी मी, मग लुगडी.

वर्षं गेली. हिमालय काही जवळ आला नाही. जिवनबाईचे गुडघे मात्र कुरकुरू लागले. शेवटी हिंगोलीला शाळेत शिकवणारी धाकटी लेक निता हिनंच मनावर घेतलं. कुमाऊंच्या डोंगरात एक लहान गाव आहे आणि त्याच्या वरच्या धारेवर महादेवाचं देऊळ. तिथली माणसं आपल्या घरात पाहुणे ठेवून घेतात, असं तिनं फोनवर पाहून ठरवलं. खेमाला ते पटेना. "वळख ना पाळख, अन् कोनाच्या घरात निजायचं? सोयरीक जुळवायला चाललो काय आपुन?" असं तो वाटभर म्हणत राहिला.

दोन गाड्या बदलल्या, त्यातली एक उशिरा आली, मग जीपमध्ये अंग खिळखिळं झालं. पिशवीत मी खेमाच्या औषधांवर आदळत होतो. पोचलो तेव्हा संध्याकाळ कलली होती आणि तिघांनाही धड बोलवत नव्हतं. देवळाची कवाडं दुसऱ्या दिवशी दुपारी बंद होणार होती. बर्फ पडायच्या आत देव खाली आणतात, मग उन्हाळ्यापर्यंत वर कुणी नाही. गाडी वेळेवर आली असती तर एक दिवस हाताशी राहिला असता.

घर दगडी, छपरालाही दगडाच्या फरशा. घरात गोविंदी नावाची सून आणि तिची म्हातारी सासू. सासूला सगळं गाव आमा म्हणायचं. गोविंदीचा नवरा टॅक्सी घेऊन लांब गेलेला. आमानं जिवनबाईचे हात धरले, ते गार लागले, तशी ती तिला चुलीपाशी घेऊन गेली. ताटात नाचणीसारखी काळसर भाकरी आली. जिवनबाईनं ती बोटांनी चाचपली आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा शीण थोडा उतरला. दोघी म्हाताऱ्या बोलू लागल्या. एकीची हिंदी डोंगरातली, दुसरीची हिंगोलीच्या बाजारातली. अर्धं कळत नव्हतं, तरी माना बराबर हलत होत्या. झोपायच्या वेळी आमानं चुलीलगतची आपली खाट जिवनबाईला दिली आणि स्वतः थंड खोलीत गेली. गोविंदी सांगत होती, की सकाळी घाई करू नका, उन्हं आल्यावर बाहेर या. जिवनबाईला वाटलं, पाहुण्यांना असं म्हणायचीच रीत असते.

पहाटे तिचे डोळे नेहमीसारखे आपोआप उघडले. मला हातात घेताच तिचे हात आखडले, इतका मी गार पडलो होतो. पिंपातलं पाणी तिनं माझ्यात घेतलं, दार हलकेच उघडलं आणि दगडी पायऱ्यांवर शिंपलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जास्तच. नवसाचा शेवटचा दिवस होता ना. मग घरून आणलेली रांगोळी काढली. ती संपेपर्यंत खालचा दगड आरशासारखा चकाकू लागला होता. जिवनबाईला ते फार शुभ वाटलं. तिनं हात जोडले.

मित्रांनो, आपल्याकडे पाणी शिंपडलं की धूळ बसते. तिथं तेच पाणी गोठतं आणि माणूस पडतं, हे हिंगोलीच्या बाईला कसं ठाऊक असावं? नवसाचं काम आहे, म्हणून तिनं कुणाला विचारलंही नाही. अशी कामं मुकाट्यानं करायची असतात, असं ती समजत आली होती.

आमा गाईचं दूध काढायला बाहेर निघाली. रोजचीच पायरी, ती खाली बघणार कशाला? पाय रांगोळीवर पडला आणि ती हातावर आपटली. बादली खालच्या शेतापर्यंत गडगडत गेली.

शेजाऱ्याच्या जीपमधून गोविंदी तिला दवाखान्यात घेऊन गेली. उजव्या मनगटाला प्लास्टर घालून परत आणलं तेव्हा उन्हं पायरीवर आली होती आणि बर्फाचं पुन्हा पाणी होऊन रांगोळी वाहून गेली होती. जिवनबाई मला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. गोविंदीनं रागाचा एक शब्दही काढला नाही. ती नुसती गोठ्याकडे बघत होती. गाय दूध दाटून हंबरत होती, दुसऱ्या दिवशी दिवाळी होती, गवताचे भारे आणायचे होते, आणि घरात आता दोनच हात उरले होते.

जीपवाला देवळाकडे जायला भोंगा वाजवू लागला. निता आईजवळ आली. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"याडी, चल. कवाड बंद झालं तर उन्हाळ्यापर्यंत उघडत न्हाई. पुन्हा कधी येणं होतंय?"

"तुमी जा. मी ऱ्हाते इथं."

"इतक्या वर्षांचा नवस हाय तुझा. काहून असं करून राहिली तू?"

जिवनबाई हळू बोलते, नेहमीच. त्या दिवशी तर ओठही फारसे हलले नाहीत. "मह्या हातानं म्हातारी पडली. आता मह्या पायानं देवाकडं कशी जाऊ? त्यानं इचारलं, मागं काय करून आलीस, तर?"

आमा आतून ऐकत होती. भाषा नाही, पण मतलब तिला कळला. ती म्हणाली, "बहन, तू जा. हड्डी है, जुड़ जाएगी." जिवनबाईनं मान हलवली आणि उठून गोठ्याकडे चालू लागली. तेव्हा खेमा काठी टेकत तिच्या आडवा आला. ठरलं असं होतं, की त्यानं खाली जीपमध्येच बसायचं.

"नवस बोललीस तू," तो म्हणाला, "पर चालायचं व्हतं मला. पाय माहे हायेत. मी जातो."

"तुमची पाठ?"

"पाठ काय, घरी बसूनबी दुखते."

निता आणि तो गेले. मग तो दिवस जो लांबला, तो काही विचारू नका. जिवनबाईनं गाईला हात लावताच गाईनं लाथ झाडली. ही एवढीशी डोंगरी गाय, पण ताठा केवढा. जिवनबाई तिच्या कानाशी गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, पुटपुटत राहिली. बऱ्याच वेळानं गाईनं पान्हा सोडला. मग जिवनबाईनं गवत झाडलं, भांडी घासली, आमाला भरवलं. माझ्यात ऊन पाणी घेऊन आमाचं तोंड धुतलं. आणि प्रत्येक कामाच्या मध्ये ती उठून वळणावरचा रस्ता बघून यायची. नवऱ्याला चालता करायला जो देव आळवला, त्याच्याच वाटेवर नवरा पडला तर? हा विचार ती बोलली नाही, पण मला धरलेले तिचे हात सांगत होते.

दिवे लागायला जीप आली. निताच्या खांद्यावर हात टाकून खेमा उतरला. त्याचे पाय जोड्यात मावत नव्हते. चुलीपाशी बसून त्यानं पाणी मागितलं, माझ्यातूनच प्याला आणि मगच बोलला.

"न्हाई पोचलो, जिवन. कळस दिसला. त्या वळणावर पायच उचलंना. तिथूनच हात जोडले. खोटं काय सांगू तुला."

निता म्हणाली, की बापाला एकट्याला सोडून वर जायला माझा धीर झाला नाही. पोरीला रडू येत होतं. जिवनबाई नवऱ्याच्या पायाला तेल चोळत राहिली. तिनं विचारलं, "लई चाललासा?"

"लई."

"मग झालं," ती म्हणाली. पण ते झालं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. डोकं टेकलं नव्हतं. म्हणजे सडा आता जन्मभर.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा उठली. मला भरून दारात आली. बाहेर दगड गोठून पांढरा पडला होता. मी तिच्या हातात, पाणी माझ्यात, उंबरा समोर. तिनं मला तिरपा केला, तसाच सरळ केला, आणि खाली ठेवला. "एक चुकला, नागनाथा. पदरात घे," एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. ती इतकी थकलेली मी कधी पाहिली नव्हती, खेमा खाटेवर होता तेव्हाही नाही.

आमाला झोप नव्हतीच. तिनं हे पाहिलं. मग निताला बोलावून हा काय प्रकार आहे, ते सगळं विचारून घेतलं. दुपारी उन्हं चांगली तापली तेव्हा तिनं गोविंदीकडून गेरू मागवला आणि मला डाव्या हातानं जवळ ओढलं. माझ्यात गेरू कालवला, दुसऱ्या वाटीत तांदळाचं पीठ. त्या मुलखात दिवाळीला उंबरा गेरूनं सारवतात आणि त्यावर तांदळाच्या पिठानं बोटांनी वेली काढतात. दरवर्षी ते आमाच्या हातानं व्हायचं. आता तो हात गळ्यात बांधलेला. तिनं जिवनबाईला उंबऱ्यापाशी बसवलं आणि बोटानं दाखवू लागली.

जिवनबाईच्या बोटांना चिमटीतून रांगोळी सोडायची सवय. ओलं पीठ ठिबकायचं, रेघ वाकडी जायची. आमा हसली. म्हणाली, सापाची शेपटी झाली, वेल कुठं आहे? जिवनबाई म्हणाली, "नागनाथाच्या गावची हाय मी, मग दुसरं काय निघंल?" निताला ते हिंदीत सांगावं लागलं, आणि मग आमा प्लास्टर सांभाळत पुन्हा हसली.

सारवून झाल्यावर आमा म्हणाली, "हमारा यही है. अब जाड़े भर रहेगा." म्हणजे, आमचा सडा हाच, आता सगळी थंडी टिकेल.

जिवनबाई त्या लाल उंबऱ्याकडे बघत राहिली. आयुष्यभर तिनं जो सडा टाकला, तो उन्हं वर येईपर्यंत वाळून जायचा. उद्या पुन्हा सडा न मागणारा उंबरा तिनं पहिल्यांदाच पाहिला. आम्ही आणखी काही दिवस राहिलो, गोविंदीचा नवरा येईपर्यंत. रोज पहाटे तिला जाग यायची, ती कूस बदलायची, आणि पुन्हा डोळे मिटायची.

आता आम्ही तांड्यावर आहोत. सडा चालू आहे. माझ्या पोटात गेरूचा लाल रंग बसला आहे. निता म्हणते, चिंच लावून घासून टाकू. जिवनबाई नको म्हणते. मीही नकोच म्हणतो, पण माझं कोण ऐकतं?

मित्रांनो, मी दमलो आहे. एक-दोन गोष्टी तेवढ्या सांगतो. घराच्या कोपऱ्यात एखादं जुनं भांडं पडलं असेल, तर कधी त्याला राखेचा हात लावा, त्यानंही तुमच्या घराला पाणी पाजलेलं असतं. आणि परक्या घरी मुक्कामाला गेलात, तर आपलं पुण्यसुद्धा रात्रभर पिशवीत राहू द्या. सकाळी त्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्याकडे उंबरा कसा पुजतात. तो सांगेल तसं करा.

मध्ये एकदा गोविंदीचा फोन आला होता. तिकडे बर्फ पडलं होतं. दार उघडायला फावडं घ्यावं लागलं, म्हणाली, आणि खाली उंबरा तसाच लाल होता. आमा त्या हातानं आता दूध काढते. जिवनबाईनं ऐकलं आणि फोन निताकडे दिला. दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या बायांनी पाहिलं, जिवनबाईचं अंगण अजून कोरडं. सडा चुकला नाही, बरं का. पण तो पडला उन्हं चांगली वर आल्यावर, चहा पिऊन झाल्यावर, सावकाश.