शेंदराचं वय

गेल्या चातुर्मासात जयवंतीनं एक नेम धरला होता. ऐकीव काही सांगायचं नाही. स्वतः खात्री केली तेवढंच बोलायचं. फुलपाड्यातल्या शेजारणी हसल्या. "अगं, वांगी सोड, कांदा सोड! गप्पाच सोडल्यास तर जगशील कशी?" त्याच नेमानं माझी अब्रू वाचवली. मी एक दगडी हातकुऱ्हाड बोलतेय.

कुणा आदिमानवानं टवके उडवून मला घडवलं. माझ्या धारेनं हाडं फोडली, कंद उकरले. त्यासाठी त्यानं ना फीत कापली, ना भाषण ठोकलं. मग मी मातीत पडून राहिले. चांदीप गावच्या काळूरामला बांध घालताना सापडले आणि पुढे त्यानंच मला विरारच्या एका लहानशा संग्रहालयात आणून दिलं.

तिथं शहाणी माणसं भेटली! व्यवस्थापक श्रीरंगराव मला उलटी धरून फोटो काढत आणि माझी माहिती मलाच ऐकवत. माझ्या अंगावरचे लाल डाग पाहून तर ते नाचायचेच बाकी होते.

"आदिमानवाची पूजा! दोन लाख वर्षांपूर्वीचा रंग! जयवंतीताई, लिहा नोंदवहीत. रविवारी पाहुणे यायचेत."

नोंदी करणं जयवंतीकडे. वीस वर्षं घर सांभाळल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलंच काम. तरी तिनं पेन खाली ठेवलं. "आधी विचारून येते, साहेब."

दुसऱ्या दिवशी ती चांदीपहून काळूरामच्या आईला, धोंडूबाईला, घेऊनच आली. म्हातारीनं मला पाहताच हात जोडले.

"आगो बाय, ह्यो शेंदूर माजा! म्हस पान्हवत नव्हती, दूद देत नव्हती, म्हनून देव मानून लावलेला. दोन वर्सं झाली."

"आजी, हा दोन लाख वर्षांचा रंग आहे," श्रीरंगराव म्हणाले.

"मंग माजं वय काय धरतोस रं, बाबा?"

श्रीरंगरावांचे कान माझ्या डागांहून लाल झाले. म्हातारी गेल्यावर ते गुरगुरले, "रंग प्राचीन म्हणून लिहा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

जयवंतीनं पेन उचललं आणि ठळक अक्षरात लिहिलं. 'लाल डाग: शेंदूर. धोंडूबाईंनी दोन वर्षांपूर्वी लावला. त्यांच्या तोंडून समक्ष ऐकलं.' खाली पूर्ण सही.

नोंदवहीचा नियम असा, की पान फाडायचं नाही. चूक एका रेघेनं खोडायची आणि शेजारी खोडणाऱ्यानं सही करायची. जयवंतीनं वही त्यांच्यापुढे सरकवली.

"खोडा, साहेब. फक्त सही करा."

त्यांनी पेन उघडलं. टोक तिच्या ओळीपर्यंत नेलं. एवढा विद्वान माणूस! खोटं सांगायला जीभ सहज वळली, त्याखाली सही करायला मात्र हात वळेना. पेन मिटलं. "चहा सांगा," म्हणाले, आणि आत गेले.

रविवारी काचेत माझ्या जागी एक पितळी समई मिरवली. मी मागच्या खणात, पण खऱ्या चिठ्ठीसकट. जयवंती रोज कामावर येते.

बायांनो, तुम्हीही एवढं करा. हाती आलेल्या वस्तूबद्दल आधी तिच्या घरच्या म्हातारीला विचारा, मग लिहा, आणि खाली आपलं नाव घाला.